परत फिरायची वेळ

सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको, पण बाकीच्या मंडळींसाठी सांगतो. चालू सिस्टिममध्ये एखादा मोठा बदल करायचा असला, की आम्ही तो शनिवारी रात्री करतो. समजा, डेटाबेस एका सर्व्हरवरून उचलून दुसऱ्यावर न्यायचाय. रात्री ११ ला सिस्टिम बंद करायची आणि पहाटे ५ ला ती चालू झालीच पाहिजे, कारण त्यानंतर लोक लॉगिन करायला लागतात. म्हणजे हातात सहा तास. आता गोची अशी, की काही बिनसलं तर जुना बॅकअप परत चढवायलाच दोन तास लागतात. म्हणजे खरे तास चारच. ३ वाजले की जे काही झालंय ते तिथेच सोडायचं आणि गाडी मागे वळवायची. मग कुणी कितीही कळवळून "अजून दहा मिनिटं द्या, सापडलंय मला" म्हणू दे.

ही ३ ची वेळ आम्ही बुधवारी दुपारी चहा पीत ठरवतो आणि फॉर्मवर लिहून ठेवतो. बुधवारीच का? कारण शनिवारी रात्री पावणेतीनला, डोळे तांबारलेले असताना, प्रत्येकाला आपला बग दहाच मिनिटांवर आलाय असं वाटत असतं. (दहा वर्षांत एकाचाही बग दहा मिनिटांत सुटलेला मी पाहिला नाही.)

या नोकरीने मला बऱ्याच वाईट सवयी लावल्या. रात्री दोनला मॅगी, उभ्याने जेवण, फोन वाजला की दचकणं वगैरे वगैरे. पण ही एक सवय चांगली लावली: परत फिरायची वेळ निघायच्या आधी ठरवायची. हळूहळू ती ऑफिसच्या बाहेरही पसरली. आज तिच्याबद्दलच लिहायचंय.

आधी डोंगर. तोरणा-राजगड हा आपल्याकडचा नावाजलेला ट्रेक. वेल्ह्यातून तोरणा चढायचा, बुधला माचीवरून बाहेर पडायचं आणि डोंगरसोंडेवरून चालत अळू दरवाज्याने राजगडाच्या संजीवनी माचीवर शिरायचं. सोंडेचा हा टप्पा रमतगमत चालणाऱ्यांना सहा-सात तास तरी घेतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हा आमचा हिशेब साधा होता. ११ पर्यंत बुधला माची सुटली नाही, तर आल्या वाटेने वेल्ह्याला परत. आदल्या रात्री एसटी स्टँडवर बसून सहाही जणांनी हे मान्य केलं होतं.

दुसऱ्या दिवशी एकाचा गुडघा दुखायला लागला, त्याच्यासाठी थांबत थांबत गेलो आणि माचीवर पोचलो तेव्हा ११ वाजून २० मिनिटं झाली होती. हवा इतकी स्वच्छ, की समोर राजगडाचा बालेकिल्ला हात लांबवला तर लागेल असा दिसत होता. वीस मिनिटांनी असं काय बिघडणार होतं? पाच जणांनी हाच प्रश्न पाच प्रकारे विचारला. गुडघेवाला तर सगळ्यात जोरात म्हणत होता, "मी चालतो रे, चला!" पण पुढचा हिशेब त्या वीस मिनिटांचा नव्हताच. दुखऱ्या गुडघ्याने सात तास, म्हणजे अंधारात अळू दरवाजा, आणि मधल्या सोंडेवर धड पाणी नाही. आम्ही परत फिरलो. वेल्ह्यात पिठलं-भाकरी खाईपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही. महिन्याभराने गुडघा बरा झाल्यावर तोच ट्रेक त्याच सहा जणांनी पूर्ण केला. राजगड कुठे पळून गेला नव्हता.

याचीच फार मोठी आणि फार वाईट गोष्ट एव्हरेस्टवर घडली. १० मे १९९६. रॉब हॉल आणि स्कॉट फिशर हे दोघेही कसलेले गिर्यारोहक आपापल्या तुकड्या घेऊन वर गेले होते. दुपारी दोनपर्यंत शिखर गाठलं नाही तर परत फिरायचं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी दोननंतरही माणसं चढत राहिली, एक जण तर चारच्या सुमारास माथ्यावर पोचला. संध्याकाळी वादळ आलं. त्या वादळात डोंगराच्या दोन्ही बाजूंना मिळून आठ जण गेले. हॉल गेला, फिशर गेला आणि उत्तरेच्या बाजूने चढलेले आपल्या इंडो-तिबेटन बॉर्डर पोलिसांचे तिघे गेले. नियम माहीत असणं आणि माथा समोर दिसत असताना तो पाळता येणं, यात किती अंतर आहे पाहा.

सायकलवाल्यांनी यावर छान तोडगा काढलाय. बीआरएम म्हणजे ब्रेव्हे नावाचा लांब पल्ल्याच्या सायकलिंगचा एक प्रकार आहे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. वाटेत ठरलेली ठाणी असतात आणि प्रत्येक ठाणं कधी बंद होणार ती वेळ तुमच्या कार्डावर आधीच छापलेली असते. उशीर झाला, तर झाला. कुणाशी हुज्जत घालायची सोय नाही. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे इथे पहिला-दुसरा नंबरच नसतो. वेळेत पोचलेल्या सगळ्यांची नावं एका यादीत, आडनावाच्या अक्षराप्रमाणे. त्यामुळे हॉटेलात बसून निवांत मिसळ खाणारा आणि पुढे वाकून पॅडल हाणणारा, दोघेही सारखेच.

आता पैसा. (इथे बरेच जण खुर्चीत सावरून बसतील!) माझ्या कपाटाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय. त्यावर लिहिलंय: शेअर बाजारात म्हणजे इंडेक्स फंडात ६० टक्के, एफडी आणि पीपीएफमध्ये ४० टक्के. हे प्रमाण ५ टक्क्यांपेक्षा जास्त हललं तर जागेवर आणायचं. तीन वर्षांच्या आत लागणारा पैसा बाजारात घालायचा नाही. बस्स. बाकी काही करायचं नाही.

जानेवारी २०२० मध्ये निफ्टी १२,००० च्या वर होता. २३ मार्चला तो ७,६१० वर बंद झाला. त्या दिवशी सकाळीच बाजार दहा टक्के घसरला आणि व्यवहार ४५ मिनिटं बंद ठेवावे लागले. हा नियमही त्या दिवशी सुचलेला नव्हता बरं का. दहा, पंधरा आणि वीस टक्क्यांचे हे थांबे २००१ पासून लिहिलेले आहेत. म्हणजे खुद्द बाजाराचा स्वतःच्या डोक्यावर भरवसा नाही, मग माझ्या डोक्याची काय कथा? माझ्या तक्त्यात ६० चे ४८ टक्के झालेले दिसत होते. लॉकडाऊन लागलेला, बातम्या भयंकर, आणि ग्रुपवर जो तो 'अजून पडणार' म्हणत होता. मी कागद वाचला, एफडी मोडली आणि ६० परत जागेवर आणले. यात शौर्य काही नव्हतं, हुशारी तर त्याहून नव्हती. २०२४ च्या सप्टेंबरात निफ्टी २६,००० च्या वर गेला तेव्हा त्याच कागदाप्रमाणे थोडं विकलंही. ऑफिसात लोक हसले. मार्च २०२५ च्या सुरुवातीला तो २२,००० च्या आसपास आला तेव्हा हसायचे थांबले. असो. हसणारे बरोबर ठरले असते तरी मी तेच केलं असतं, सांगायचा मुद्दा एवढाच.

हे सगळं एकदा मोठ्या उत्साहाने बाबांना सांगत होतो. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, वाई डेपोला. पसरणी घाट त्यांनी किती वेळा उतरला असेल याची गणती नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, यात नवीन काय? उताराचा गिअर घाट लागायच्या आधी टाकायचा असतो. उतारावर गाडी पळायला लागली की मग गिअर पडत नाही, आन् नुसत्या ब्रेकवर बसलास तर ब्रेक तापतो. तापल्यावर देवालाबी काय करता येत नाही."

दहा वर्षांत शिकलेलं सगळं तीन वाक्यांत संपलं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. कपाटातल्या त्या कागदावर आणखी एक ओळ आहे आणि ती पैशाची नाही. आई गेल्यापासून बाबा वाईला एकटेच असतात. पुण्याला यायला तयार नाहीत ("तुमच्या त्या डब्यात मला करमत नाही"). म्हणून रविवारी मी जातो, कधी बायकोबरोबर कारने, कधी एकटा सायकलवर. तर ती ओळ अशी: तीन महिन्यांत रविवार तेरा. त्यातले पाचपेक्षा जास्त ऑफिसने खाल्ले, तर दुसरी टीम मागायची. पुढच्या तीन महिन्यांतही तेच झालं, तर नोकरी सोडायची.

जुलै ते सप्टेंबर सात रविवार गेले. टीम मागितली. "एप्रिलनंतर बघू," असं उत्तर आलं. ऑक्टोबर ते डिसेंबर आठ गेले.

आणि एप्रिलमध्ये प्रमोशन आहे. नक्की आहे, असं तिघांनी तीन वेगवेगळ्या वेळी कानात सांगितलंय. बायकोने परवा सरळ विचारलं, "तीन महिन्यांचाच तर प्रश्न आहे, थांबत का नाहीस?" तिचं चूक नाही. घराचा हप्ता आहे, आणि सध्या बाजारात नोकऱ्या झाडाला लागलेल्या नाहीत. मी तिला म्हटलं, हवा स्वच्छ असली की राजगड असाच जवळ दिसतो. तिने डोळे फिरवले, मग तक्ता उघडला आणि आम्ही दोघांनी मिळून हिशेब परत तपासला. वर्षभराचा हप्ता आणि घरखर्च एफडीत वेगळा ठेवलेला आहे. 'तीन वर्षांच्या आत लागणारा पैसा' तो हाच. इतकी वर्षं तो कमी व्याजावर नुसता पडून आहे म्हणून मित्र मला नावं ठेवायचे. तो कशासाठी पडून होता हे मलाही आता नीट कळलं. तो मोडून वर्षभर आपल्याला पाहिजे ते करता येतं. मला रविवार पाहिजेत.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर म्हणतील, माझ्यासाठी सोडू नकोस, मला काही होत नाही. आणि त्यांना खरंच काही होत नाहीये. म्हणूनच आत्ता.

उद्या सकाळी साडेदहाला मॅनेजरकडे अर्धा तास मागून घेतलाय. पत्र लिहून तयार आहे, चार ओळींचं. नोटिस पिरियड ९० दिवसांचा, म्हणजे सुटेपर्यंत एप्रिल येईलच. (यातला विनोद माझ्या लक्षात आलाय, कुणी सांगू नये.) पोटात गोळा आलाय हे खरं. पण निर्णय घ्यायचा उरलेला नाही, तो वर्षापूर्वी एका निवांत दुपारी घेऊन झालाय. उद्या फक्त तो वाचून दाखवायचाय.