सादळलेले रॉड

मुलाखत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे इस्त्रीचा सदरा आणि पाठ केलेली उत्तरे उभी राहतात. गेल्या पावसाळ्यात माझा भाचा वेल्डरच्या मुलाखतीसाठी बेळगावहून आमच्या बंगळूरच्या घरी आला, तेव्हा मीही प्रथम सदऱ्याचीच चौकशी केली. तो म्हणाला, "मामा, चामड्याचे हातमोजे आणलेत."

१९४० साली विमानांचा कारखाना निघाला तेव्हापासून असे कितीतरी कारागीर या शहरात येत आले आहेत. माझे आयुष्य मात्र बँकेत खर्डेघाशी करण्यात गेले. त्याची तयारी मी कुतूहलाने पाहत असे. दिवसभर तो पीण्याच्या एका कार्यशाळेत सराव करी. नळी ४५ अंशांत तिरपी, पक्की बसविलेली. ती फिरवायची नाही. वेल्डरनेच तिच्याभोवती फिरून खालून, बाजूने, वरून सांधा भरायचा. या स्थितीला ६जी म्हणतात.

रात्री मी परीक्षक होई. "ई-७०१८ म्हणजे काय?" तो सांगे, सत्तर म्हणजे जोडाची ताकद, चौरस इंचाला किमान सत्तर हजार पौंड. हे रॉड दमट झाले तर ओलीतला हायड्रोजन जोडात शिरतो आणि काही तासांनीसुद्धा तडा जाऊ शकतो. त्याची मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "म्हणजे पापडासारखेच! सादळले की गेले." फरक इतकाच, की येथे उन्हाने भागत नाही, सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ते शेकावे लागतात.

परीक्षेच्या दिवशी त्याच्या हाती उघड्या पुड्यातले रॉड पडले. बाहेर पाऊस. त्याने विचारले, "हे शेकलेले आहेत का?" उत्तर मिळाले, "बाकीचे मुकाट्याने करताहेत." त्याच्या वडिलांचे काम सुटलेले, धाकटी बहीण कॉलेजात; मी तेथे असतो तर त्याला गप्पच बसविले असते, हे कबूल करतो. तो हातमोजे घालून तसाच उभा राहिला. अखेर भट्टीतले रॉड आले, परंतु त्याचा क्रमांक सर्वांत शेवटी गेला.

संध्याकाळी नळीच्या पट्ट्या कापून वाकविल्या. एकीलाही तडा नव्हता. माझ्या मुलाखतीत कोणी मला असे वाकवून पाहिले नव्हते!

रात्री त्याला राणी चन्नम्मा गाडीत बसविले. पत्र यायचे होते. मामीने दिलेला पापडांचा डबा त्याने झाकण पुन्हा घट्ट दाबून पिशवीत ठेवला.