कथलाचा वाळा

ती आता फक्त पहिलं नाव सांगते. वर्गात, मेसमध्ये, ग्रंथालयात, चर्चासत्रात हाती माईक आला तरी. कधीपासून आणि का, हे तिने हॉस्टेलमधल्या खोलीसोबतिणीलाही सांगितलेलं नाही. आडनाव गळालं ते गळालं. आणि त्याच सुमारास, छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात एम. ए. करत असताना, एक म्हण तिच्या डोक्यात येऊन बसली, ती उठायला तयार नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

अर्थ शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. तिला अडतं ते भलतीकडेच. ही सोनुबाई कोण होती? नाव तिच्या आईबापाने ठेवलं, वाळा गरिबीने चढवला, मग हसायचं तिला का? घरात गुंजभर सोनं नाही म्हणून लेकीच्या नावातही ते असू नये? गावाकडे उलटंही करतात. मुलं जगत नसली की जगलेल्याचं नाव दगडू, धोंडू, कचरू ठेवायचं, म्हणजे काळाची नजर पडत नाही. तिचे आजोबा कचरू होते. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि त्यानंतर अशा घरांतली नावं एका पिढीत पालटली: कचरूचा मुलगा सिद्धार्थ, धोंडाबाईची लेक सुजाता. नावं पालटली, आडनावं राहिली.

तिचं आडनाव असं आहे, की ते ऐकल्यावर समोरच्याला पुढचा प्रश्न विचारावा लागत नाही. ज्याचं आडनाव नुसतं गावावरून आलेलं असतं, त्याला मात्र कधीतरी विचारलं जातं, ‘प्रवेशाला रँक किती होती?’ प्रश्न रँकचा नसतो, हे विचारणाऱ्यालाही कळतं आणि सांगणाऱ्यालाही.

पण विषय कथलाचा होता. तिने आजीला फोन करून विचारलं, कथील म्हणजे नेमकं कसं असतं गं? आजी खुलली. पावसाळा सरला की कल्हईवाला यायचा, झाडाखाली भाता मांडायचा. पातेलं तापवून त्यात नवसागर टाकला की पांढरा धूर उठायचा. मग कथील फिरवून कापडाने पुसलं की काळवंडलेल्या पितळेत चांदी उतरल्यासारखं व्हायचं. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक, आमटी कळकायची, तोंडात घालवत नसे. म्हणजे पितळेचं भांडं पोटाला चालतं ते कथलामुळे, आणि म्हणीत मात्र कथील म्हणजे कमीपणा. मऊ धातू, नुसती कांडी वाकवली तरी आतून करकर आवाज येतो. हे तिने पुढे रसायनशास्त्राच्या पुस्तकातही वाचलं, आणि का कोण जाणे, त्या रात्री तिला बराच वेळ झोप आली नाही.

कथील तिला पुन्हा भेटलं ते महाडला. डिसेंबर १९२७ मधल्या सत्याग्रह परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. लुगडं नेसण्याची पद्धत बदला, असं त्यांनी सांगितलं. गळ्यातल्या भाराभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंतच्या कथलाच्या, चांदीच्या गोठ-पाटल्या सोडा, कारण त्यांवरून तुम्ही कोण हे ओळखू येतं. म्हणजे तो वाळा दागिना नव्हताच, खूण होती. ही खूण उतरवा, असं खुद्द बाबासाहेब सांगत होते. मग तिने आडनाव उतरवलं तर ते महाडच्याच वाटेवरचं पाऊल नाही का?

हे तिला पटतं. विद्यापीठाच्या गेटपाशी मात्र पटेनासं होतं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, नामांतराचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला तो २७ जुलै १९७८ रोजी. त्यानंतर मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना मारलं गेलं. १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. नाव कमानीवर लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, तोही नामांतर म्हणून नव्हे, नामविस्तार म्हणून. एका नावासाठी जवळपास सोळा वर्षं. त्या नावाखालून ती रोज ये-जा करते, आणि स्वतःच्या बाबतीत नामसंकोच करून बसली आहे.

तिची एक मैत्रीण फोन उचलते तोच ‘जय भीम’ म्हणत, कुणाचाही असो. बसमध्येसुद्धा. मोबाइलचं कव्हर निळं, सही पूर्ण नावाची. समान संधी केंद्र कागदावर आहे, ते चालतं कधी, असं विचारणारं निवेदन घेऊन ती सध्या विभागाविभागांत फिरते. यूजीसीने समतेचे नियम केले २०१२ साली. रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांनी शिकत असतानाच जीव दिला; ते नियम पाळले जावेत म्हणून त्यांच्या आया सर्वोच्च न्यायालयात गेल्या त्या २०१९ मध्ये. मधल्या वर्षांचा हिशोब ती मैत्रीण बोटांवर मांडून दाखवते तेव्हा तिचा आवाज चढत नाही, बारीक होतो. तिच्याकडे पाहताना खूण मिरवणं हेच खरं वाटतं. पण मिरवायलाही अंगात बळ लागतं, आणि ते रोज, सकाळी नऊच्या तासाला, प्रत्येकाकडे असावं अशी अपेक्षा कुणी कुणाकडून करावी?

यंदा चौदा जानेवारीला ती गेटवर गेली. पुस्तकांचे स्टॉल, लेकराला खांद्यावर घेतलेले बाप, पांढऱ्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या. कमानीपुढे वाकून उठलेल्या एका आजीने तिचा दंड धरला. ‘कोणाची गं तू? गाव कोणतं?’ तिने एका दमात सगळं सांगितलं: स्वतःचं नाव, बापाचं, आडनाव, गाव, तालुका. आजोबांचं कचरू हे नावही सांगितलं, ते कुणी विचारलं नव्हतं. आजीने मान हलवली, जणू त्या सगळ्यांना ती ओळखतच होती.

परतताना शेअर रिक्षात शेजारी एक मुलगी बसली, इंजिनिअरिंगची. गर्दीबद्दल बोलणं निघालं. उतरता उतरता तिने हसून नाव विचारलं.

तिने पहिलं नाव सांगितलं. मुलगी थोडं थांबली, पुढचं येईल म्हणून. रिक्षा निघाली.