धनुर्मासातील पारा

धनुर्मासातील पहाटपूजेस उठलो की प्रथम सज्जातील उष्णतामापक पाहावयाचा व पारा वहीत टिपावयाचा, हा सुरतेतील आमचा नेम. वही तीर्थरूपांची. त्यांचे म्हणणे एकच असे : ‘आमच्या वेळची थंडी आता राहिली नाही.’ त्यांच्या पश्चात आम्ही त्यांचे व आमचे आकडे शेजारी मांडले. आमचे चढते निघाले. तीर्थरूपांचे बोल खरे ठरले, म्हणून मन भरून आले.

मग ध्यानात आले, की त्यांचे यंत्र तापीकाठच्या उघड्या अंगणात होते. आमचे मात्र दिवसभर तापून रात्री ऊब सोडणाऱ्या भिंतीवर. 1875 साली स्थापन झालेले हवामान खाते आपली यंत्रे मोकळ्या जागी, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवते. आणि एखादा हिवाळा 30 वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहते. आम्ही दोन हिवाळे नव्हे, दोन जागा तोलीत होतो.

तीर्थरूपांचे म्हणणे खोटे, असे यावरून ठरत नाही. आमची वही त्याची साक्षीदार होऊ शकत नाही, इतकेच. हे मान्य करणे जड गेले. जेथे जागा बदलली, तेथे आम्ही तांबडी रेघ ओढली.

त्यांच्या नोंदींत अंशांशेजारी ‘आज पोंक आला’, ‘उत्तरेचा वारा’ असेही शब्द आहेत. आता तेही आम्ही लिहितो. नैवेद्याची खिचडी निवण्यापूर्वी नोंद पुरी होते.