आम्ही, आपण आणि 'नावु'

श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांतले लेख कोरलेले आहेत. ही मूर्ती चामुंडरायाने करविली, हे तिन्ही भाषांत सांगितले आहे. आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांनी त्यातले क्रियापद जरा निरखून पाहावे. मराठीत 'करणे'चे 'करविणे' होते, कन्नडमध्ये 'माडु'चे 'माडिसु'. आधी 'करणे' कन्नडमध्ये नेऊन मग 'दुसऱ्याकडून' हा अर्थ जोडा, किंवा आधी 'करविणे' करून मग ते कन्नडमध्ये न्या. दोन्ही वाटा 'माडिसु'पाशीच पोहोचतात.

मी मराठी शिकवते. हे उदाहरण चहाच्या वेळी गणिताच्या सहकाऱ्यांना सांगितले, तर त्यांनी कागदाच्या चार कोपऱ्यांत हे चार शब्द लिहिले आणि मध्ये बाण काढले. म्हणाले, "मॅडम, अशाच चौकटींसाठी आमची कॅटेगरी थिअरी जन्मली!"

१९४५ साली सॅम्युएल आयलेनबर्ग आणि सॉन्डर्स मॅक लेन या दोन गणितज्ञांनी तिची मांडणी केली. वस्तू आतून कशी आहे हे विचारायचे नाही. तिच्याकडे येणारे आणि तिच्यापासून निघणारे बाण पाहायचे. बाणाला बाण जोडता आला पाहिजे, जसे आईची आई म्हणजे आजी. एका जगातून दुसऱ्या जगात जाताना ही जोडणी न मोडणाऱ्या भाषांतराला 'फंक्टर' म्हणतात.

हे बाण किती ठिकाणी चालतात! पाऊस पडला तर ओढा भरतो, ओढा भरला तर वाट बंद होते. म्हणून पाऊस पडला तर वाट बंद. हे झाले तर्कशास्त्र. भौतिकशास्त्रात एका प्रक्रियेमागून दुसरी प्रक्रिया घडते, तिथेही बाणच. २००४ मध्ये सॅमसन अब्राम्स्की आणि बॉब कुका यांनी क्वांटम प्रक्रिया याच पद्धतीने मांडल्या. भाषेकडे तर योआखिम लाम्बेक १९५८ सालीच वळले होते. शब्द एकमेकांना जुळून वाक्य कसे पुरे होते, याचा त्यांनी बीजगणितासारखा हिशेब मांडला. पुढे २०१० मध्ये कुका, मेहरनूश सद्रजादेह आणि स्टीफन क्लार्क यांनी त्याच धाग्याने शब्दांच्या अर्थांतून वाक्याचा अर्थ बांधून दाखवला.

पण सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनात घर करून राहिली. फंक्टर जोडणी मोडत नाही, पण दोन वस्तूंची एक करू शकतो. मग उलट वाट सापडत नाही.

माझे माहेर मराठी, सासर कन्नड. आई आता आमच्याकडेच असते. मराठीतले 'आम्ही' आणि 'आपण' दोन्ही कन्नडमध्ये 'नावु' होतात. एकदा सासूबाई म्हणाल्या, "नावु जात्रेगे होगतीवि." मुलाने आजीला सांगितले, "आम्ही जत्रेला जातोय." व्याकरणाच्या दृष्टीने भाषांतर अगदी बरोबर! आई काही बोलली नाही. पिशवीत ठेवलेले लुगडे तिने पुन्हा कपाटात ठेवले. सासूबाईंना मराठी फारसे येत नाही, पण कपाटाचे दार त्यांना दिसले. त्या जवळ येऊन म्हणाल्या, "अक्का, नीवू बर्री." तुम्हीही चला.

'नावु'मध्ये आई आहे की नाही, हे त्या शब्दाकडे कितीही टक लावून पाहिले असते तरी कळले नसते. 'अक्का' या हाकेने ते कळले. वस्तूची ओळख बाणांवरून होते, हे मला त्या दिवशी गणिताच्या कागदापेक्षा जास्त पटले.

आपली मुले दिवसातून दहा वेळा दोन भाषांच्या मध्ये दुभाष्याचे काम करतात. त्यांना शब्दांचे अर्थ तर शिकवूच. 'नावु' ऐकले की मराठीत सांगण्याआधी "म्हणजे कोण कोण?" असे विचारायलाही शिकवू या. घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाची पिशवी भरलेली राहील.