बारा निळे पंप

परदेशी निघालेल्या मुलीच्या सामानात काय भरावे, याबद्दल आमच्या घरात दोन पक्ष पडले होते. सौभाग्यवतींचा पक्ष मालवणी मसाल्याचा, कुळथाच्या पिठाचा आणि सोलांचा. माझा पक्ष औषधांचा. विमान कंपनीने ठरवून दिलेले वजन थोडे, त्यामुळे काटा मध्ये ठेवून रोज रात्री वाटाघाटी चालत. कुळीथ अर्ध्यावर आले, सोले पाव किलोवर आली. पण एका बाबतीत मी कुणाचे ऐकले नाही. बॅगेच्या तळाशी मी बारा निळे पंप ओळीने मांडले. वर्षाची बेगमी!

आमच्या घराण्यात जमीनजुमला फारसा उतरला नाही. दमा मात्र न चुकता उतरला. माझी आजी पावसाळ्यात माजघरातल्या खांबाला टेकून रात्र काढी. आडवे झाले की तिचा जीव कोंडे. मालवणच्या पावसात जांभ्याच्या भिंती घाम फुटल्यासारख्या ओलावतात, चपलांवर आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी धरते, आणि दम्याला बुरशीसारखे निमंत्रण नाही. आजीवर अडुळशाचे काढे झाले, कोजागिरीच्या रात्री खिरीतून देतात ते औषध झाले. मृगाला हैदराबादेस जाऊन औषध भरलेला जिवंत मासा गिळून यावा, असेही कुणी सुचवले होते. मासे आजीने जन्मभर खाल्ले. पण जिवंत मासा गिळायला काही ती तयार झाली नाही.

मुलीचे नशीब तिच्याहून चांगले. निळ्या पंपाचे दोन फवारे ओढले की आवळलेल्या श्वासनलिका काही मिनिटांत सैल होतात. डॉक्टरांनी तिला दुसराही एक पंप लिहून दिला होता, रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा. त्यात स्टेरॉइड आहे असे कळले मात्र, आणि माझ्यातला सुशिक्षित माणूस जागा झाला. (अडाणी माणूस निदान डॉक्टरांना विचारतो.) सवय लागेल, उद्या लग्नाच्या वेळी चार लोक चौकशी करतील, असे नाना विचार मनात आले. तीन महिने तिला बरे वाटले तेव्हा तो पंप मी परस्पर बंद करून टाकला. निळा चालू राहिला. बाजारातला औषधवाला माझा जुना विद्यार्थी. मी रस्त्यात दिसलो की तो आपण होऊन निळा पंप काउंटरवर काढून ठेवी. वास्तविक ते चिठ्ठी पाहून द्यायचे औषध. पण लहान गावात चेहरा हीच चिठ्ठी.

व्हिसासाठी क्षयाची तपासणी झाली. छातीचा एक्स-रे स्वच्छ निघाला आणि मी खूश झालो. दमा एक्स-रेत सहसा दिसतच नाही, हे मला कोण सांगणार? व्हिसाबरोबरच तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी वर्षाला ७७६ पौंड भरून घेतात, तेही भरले.

ग्लासगोला पोचल्यावर आठवडाभरात तिने राहत्या भागातल्या दवाखान्यात नाव नोंदवले. फॉर्मवर तिने औषधाचे नाव 'अस्थालिन' लिहिले, ते तिथे कुणाला उमगेना. ते आपल्याकडच्या कंपनीने ठेवलेले नाव. औषधाचे मूळ नाव साल्ब्युटॅमॉल, आणि तेच अमेरिकेत गेले की अल्ब्युटेरॉल होते. सासरी गेल्यावर नाव बदलायची चाल केवळ आपल्याकडेच आहे असे नाही! परदेशी जाणाऱ्याने डॉक्टरांकडून मूळ नावे लिहून घ्यावीत, एवढे साधे शहाणपण मला बारा पंप मोजताना सुचले नव्हते.

दम्याच्या नर्सबाईंची वेळ ठरली त्याच्या आदल्या रात्री तिचा फोन आला. "बाबा, छातीत कोंडल्यासारखं होतं, हे इंग्रजीत कसं सांगू?" मी वीस वर्षे मराठी शिकवतो, मला उत्साह आला. धाप लागणे, जीव घुसमटणे, छाती भरणे, घरघरणे. एकेका शब्दामागे वेगळा त्रास आहे. आजी म्हणे, "श्वास गावना नाय." गावणे म्हणजे सापडणे. श्वास हरवला आहे आणि म्हातारी अंधारात तो चाचपते आहे! मुलीने दुसऱ्या दिवशी आजीचेच वाक्य शब्दशः इंग्रजीत सांगितले. नर्सबाईंनी ते जसेच्या तसे उतरून घेतले म्हणे.

मग त्यांनी विचारले, "वर्षाला असे निळे पंप किती लागतात?"

"बारा. बाबांनी बरोबर दिलेत," मुलगी अभिमानाने म्हणाली.

बाईंनी लिहायचे थांबवून वर पाहिले. निळा पंप नळ्या सैल करतो, पण आतली सूज तशीच ठेवतो. वर्षाला तीन किंवा अधिक पंप लागू लागले की जोराच्या झटक्याचा धोका वाढतो. बारावर गेले की प्रश्न जिवाचा होतो. २०१४ साली ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या मृत्यूंची छाननी झाली, तेव्हाही निळ्या पंपांचा हा अतिरेक पुढे आला. २०१९ पासून तर 'जिना' हे दम्याविषयी जगभर मार्गदर्शन करणारे मंडळ सांगते की, मोठ्या माणसाला नुसत्या निळ्या पंपावर ठेवूच नये. बाईंनी तिला हे सारे समजावले आणि ब्युडेसोनाइड व फॉर्मोटेरॉल ही दोन औषधे एकत्र असलेला एकच पंप दिला. रोजही तोच, त्रास झाला तरी तोच. पैसे द्यावे लागले नाहीत. इंग्लंडात चिठ्ठीवरच्या दर औषधाला फी पडते, २०२४ साली ती ९.९० पौंड झाली. स्कॉटलंडने ती २०११ सालीच काढून टाकली. उरलेले निळे पंप तिने तिथल्या औषधाच्या दुकानात परत दिले.

तिने हे हसत सांगितले. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. पहाटे उठून मी कपाटातली जुनी फाईल काढली. चार वर्षांपूर्वीची डॉक्टरांची चिठ्ठी सापडली. तिच्यावर फोराकॉर्ट लिहिले होते; म्हणजे ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल. तीच दोन औषधे! समासात माझ्या अक्षरात तारीख घालून 'बंद केला' अशी नोंद होती. वह्या तपासायची सवय. अक्षर मोठे सुरेख आले होते. सौभाग्यवती चहा घेऊन आल्या, तेव्हा चिठ्ठी मी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती वाचली, आणि "चहा घ्या, निवतोय," एवढेच म्हणाल्या.

नाताळात मुलगी चार आठवडे घरी यायची आहे. आमच्या डॉक्टरांना भेटून मी सारे सांगून टाकले. ते रागावले नाहीत. आली की लगेच घेऊन या, म्हणाले. परत येताना तो पंप इथे मिळतो ना, एवढे विचारायला बाजारात थांबलो.

"मिळता तर! ह्योच मां?" औषधवाल्याने पाठीमागच्या फळीवरून खोके काढून दाखवले. निळ्या पंपांच्या शेजारीच होते. "किती देव, सर?"

"आत्ता नको. मुलगी चिठ्ठी घेऊन येईल, ती बघून दे."

"तुमची कसली चिठ्ठी, सर!" तो हसला.

"माझीच बघत जा," मी म्हटले. मी कशाला रागावलो ते त्याला कळेना. त्याने घाईघाईने माझ्यापुढे स्टूल सरकवले.