कोंडा, थंडी आणि बोट

७ डिसेंबर, रविवार
मुलीने पुण्याहून नवं किंडल पेपरव्हाइट पाठवलंय. ‘बाबा, आता तरी ते जुनं सोडा.’ पडदा ७ इंची, इंचाला ३०० ठिपके. पान आधीच्या पेपरव्हाइटपेक्षा २५ टक्के लवकर उलटतं, असा कंपनीचा दावा. माझं जुनं वाचनयंत्र २०१३ चं, ६ इंची, बिनदिव्याचं. आठवडाभर त्याने उच्छाद मांडला होता. हात न लावता पानं पुढे पळत होती.

आज भिंग घेऊन बसलो. चौकटीच्या खोबणीत तांबूस पूड. गल्लीच्या टोकाला राइस मिल, खिडकी उघडी, दुसरं काय असणार! जुन्या पडद्याला स्पर्श कळतच नाही मुळी. चौकटीतून अवरक्त किरणांची जाळी पडद्यावर पसरलेली असते. किरण अडला की यंत्र समजतं, बोट आलं. अडवणारा कोंडा असला तरी त्याला सारखंच. रंगाच्या मऊ ब्रशने खोबण झाडली. भुताटकी बंद.

९ डिसेंबर
थंडी कडाक्याची. पहाटे ओसरीत वाचायला बसलो तर जुन्यावर मागच्या पानाची पुसट सावली राहते, आणि नवंही आळसावलेलं. बोट मात्र दोघांनाही लगेच कळत होतं. म्हणजे घोडं शाईत अडतं. पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात, त्यांतल्या द्रवात काळे-पांढरे कण वरखाली होतात. थंडीत द्रव दाटतो, कण रेंगाळतात. यंत्र तापमान पाहून त्यांना जास्त वेळ देतं. ‘टच स्लो आहे’ म्हणणाऱ्यांनी हे आधी तपासावं. मी दोन्ही यंत्रं रजईत घेतली. दहा मिनिटांत ताळ्यावर आली.

१२ डिसेंबर
शेजारचे काकाजी चुरणीवरून, म्हणजे धानाच्या मळणीवरून, आले. नवं त्यांच्या हातात दिलं. एकदा दाबलं, दोनदा दाबलं, मग जरा रागानेच. पान ढिम्म.
‘हे तं माया बोटाले मानतच नाई, सर.’
नव्याला बोटातून वाहणारी विजेची बारीक चाहूल लागते. साठ वर्षं विळा धरलेलं ते बोट. त्या राठ, कोरड्या कातडीतून ती पोचेना. बोट किंचित ओलं करून टेकवलं तेव्हा कुठे पान हललं. मग जुनं दिलं. काकाजींनी खिशाला अडकलेली धानाची काडी काढून पडद्यावर टेकवली. पान उलटलं! मग काय, काडीनेच वीस पानं उलटली आणि पोरासारखे हसले.

१४ डिसेंबर, रविवार
नव्याची बाजूही मांडायला हवी. ‘उत्तररामचरित’ची जुनी सटीक प्रत स्कॅन करून ठेवली आहे. त्याचा कर्ता भवभूती आमचा गाववाला, संशोधक वा. वि. मिराशींनी त्याचं मूळ गाव पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं पदमपूर असं ठरवलं, आणि इथलं महाविद्यालयही त्याच्याच नावाचं. पण त्या पीडीएफमधल्या तळटीपा जुन्यावर वाचणं म्हणजे शिक्षा. भिंगाच्या चिन्हावर टिचकी, पान मोठं, ते सरकवा, पडदा काळा-पांढरा लुकलुकतो, तळटीप सापडेपर्यंत श्लोक विसरलेला. नव्यावर दोन बोटं फाकवली की अक्षर मोठं होतं. थोडं थांबावं लागतं, पण वाचणाऱ्याचा धागा तुटत नाही. यासाठी पैसे मोजावेत. नुसत्या कादंबऱ्या वाचणाऱ्याने मोजू नयेत. क्षणभर वाचवून करायचं काय?

१५ डिसेंबर
मुलीला फोन केला, नवं ठेवून घेतोय. जुन्यावर ‘ग्रामगीता’ मोठ्या अक्षरांत भरली आणि संध्याकाळी काकाजींना देऊन आलो. सोबत ब्रशही दिला.