बाहुल्याआडचा खुनी

भयकथेतला खुनी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? लाल डोळे, काळी घोंगडी, हातात सुरा! १९९३ साली आलेल्या महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ने या समजाला धक्का दिला. तो चित्रपट माझ्या जन्माच्याही आधीचा. पण टीव्हीवर लागला की शेजारच्या चार घरांतली माणसे आमच्या ओसरीवर जमत.

कथा सर्वांच्या परिचयाची आहे. तात्या विंचू हा गुंड बाबा चमत्कारकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो आणि पोलिसांच्या गोळीने मरता मरता एका बाहुल्यात शिरतो. मूळ कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ या १९८८ सालच्या अमेरिकन चित्रपटातली. पण मराठीत ती आणताना एक गंमत साधली आहे. बाहुला येतो तो लक्ष्याच्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या हाती, आणि लक्ष्या पडला शब्दभ्रमकार! त्याच्याजवळचा बाहुला बोलला तर लोकांना नवल ते कसले? रामदास पाध्ये यांनी घडवलेला तो बाहुला सर्वांदेखत बोलू शकतो, कारण बोलणे हे त्याचे कामच. खुन्याला याहून चांगला वेश कोणता मिळणार? लक्ष्या ओरडून सांगतो, पण त्याचे खरे कोणालाच वाटत नाही.

वाचकहो, या प्रसंगांना मी पोट धरधरून हसत असे. सातवीत असताना ते हसू थांबले.

श्रावणातली रात्र होती. धाकटी काकू नेहमीप्रमाणे जमिनीवर घोंगडी अंथरून झोपली होती. पहाटे ‘पोटात दुखतंय’ म्हणाली. थोड्या वेळाने तिच्या पापण्या जड झाल्या, जीभ अडखळू लागली. रक्त नाही, सूज नाही. आजीला दंडावर दोन बारीक ठिपके दिसले. शेजारच्या गावातून एकाने विष उतरवणारा मणी आणला. काळा, गुळगुळीत, चिंचोक्याएवढा. तो ठिपक्यांवर चिकटला आणि सगळे म्हणाले, “बघा, ओढतोय!” त्या ओढण्याकडे बघत दोन तास गेले. मग जीप निघाली. तालुक्याचा दवाखाना येण्याआधीच काकूचा श्वास थांबला.

पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात सापांवरचे एक पुस्तक हाती आले, तेव्हा उलगडा झाला. ती मण्यार असावी. ती बहुधा रात्रीच चावते, दुखत फारसे नाही, सूजही येत नाही. तिचे विष मज्जासंस्थेवर काम करते आणि श्वास बंद पाडते. त्यावर उपाय प्रतिविषाचा आणि वेळेवर कृत्रिम श्वास देण्याचा. असे मणी पुष्कळदा जळालेल्या हाडाचे असतात. सच्छिद्र असल्याने ते ओल्या जखमेला चिकटतात. विष ओढत नाहीत. मग त्यांची कीर्ती कशी? आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. धामण, दिवड चावलेला माणूस जगणारच होता. श्रेय मात्र मण्याला मिळते.

मग माझ्या काकूचा खुनी कोण? मण्यार भक्ष्य शोधत आली होती. मणी आणणाऱ्याने एक पैसाही घेतला नाही. तोही आमच्याबरोबर रडला. खुनी त्या काळ्या खड्यात होता, आणि त्याने उपकारकर्त्याचा वेश घेतला होता. तो मणी आजही त्याच घरी, देवघरातल्या डबीत आहे.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. दिवाळीच्या सुट्टीत हे सारे घरी सांगितले. आजी म्हणाली, “चार बुकं शिकलीस म्हणून आम्हाला शहाणपण शिकवतीस व्हय?” त्या क्षणी मला लक्ष्या कळला. त्याचे बोलणे वेडेपणाचे ठरले, माझे आगाऊपणाचे. मात्र चित्रपटात शेवटी बाहुल्याचे खरे रूप सर्वांना दिसते. मणी काही उठून सुरा दाखवणार नाही. त्याचा वेश आपल्यालाच उतरवावा लागेल, न रागावता, पुन्हा पुन्हा सांगून.

यंदा पावसाआधी काकूच्या मुलाने दाराजवळच्या भिंतीवर खडूने मोठे आकडे काढले : १०८. आजीने विचारले, “ह्यो कसला मंतर?” तो म्हणाला, “मंतर न्हाई आजी, गाडीचा नंबर हाय.” आजी काही बोलली नाही. पण भिंत सारवताना तेवढी जागा तिने सोडली.